पाठकोरे

गेल्या मे महिन्यात गावाकडच्या घराची कौले उतरवून पत्रे घालायचे ठरले. माळा रिकामा करताना धाकट्या भावाला खाकी पुठ्ठ्याची, नाडीने बांधलेली एक मोठी फाईल सापडली. त्याने फोन करून विचारले, "अक्का, तुझी चित्रं हैत. ठेवू का रद्दीत घालू?" मी "ठेव" म्हणाले. का म्हणाले, हे तेव्हा मला नीट सांगता आले नसते. पंचवीसहून अधिक वर्षांत मी त्या फाईलची एकदाही चौकशी केली नव्हती. किंबहुना ती सापडू नये अशीच माझ्या मनाची व्यवस्था होती.

मराठी शिकवणाऱ्या प्राध्यापिकेच्या घरी चित्रांची फाईल असण्याला एक पूर्वेतिहास आहे. 1998 च्या जूनमध्ये, बारावीनंतर, मी कोल्हापुरातल्या एका कलामहाविद्यालयात फाउंडेशनच्या वर्गात दाखल झाले आणि 1999 च्या एप्रिलमध्ये तेथून बाहेर पडले. पुढे बी.ए., एम.ए., नेट, नोकरी असा सरळ रस्ता. त्या एका वर्षाविषयी आमच्या नातेवाइकांत एक कथा रूढ आहे. 'पोरीच्या हातात कला होती, पण आबांनी शिकू दिलं नाही.' लग्नकार्यात रांगोळीचा विषय निघाला की कोणीतरी आत्या, कोणीतरी मावशी ही कथा सांगते. मी स्वतः ती कधी सांगितलेली नाही. पण ती सांगितली जात असताना मी गप्प बसले आहे, आणि कथा टिकायला तेवढे पुरते. आबाही गप्प बसत. ते 2021 मध्ये गेले. आता ती कथा खोडून काढू शकणारी मी एकटीच उरले आहे.

चित्रकलेकडे मी गेले ती महाराष्ट्रातली बहुतेक मुले जातात त्याच वाटेने, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय ग्रेड परीक्षांच्या वाटेने. या परीक्षांनी खेड्यापाड्यांतल्या पिढ्यान्‌पिढ्यांना पेन्सिल धरायला शिकवले, याबद्दल त्यांचे ऋण मोठेच आहे. पण त्यातल्या 'स्मरणचित्र' या विषयाची गंमत अशी की त्यात स्मरणाला फारसा वाव नसे. भाजीबाजार, पाणवठा, फुगेवाला, पतंग उडवणारी मुले असे ठरावीक विषय. डाव्या बाजूला झाड, उजवीकडे अर्धी दिसणारी झोपडी, पुढे दोनतीन मनुष्याकृती, त्यातली एक पाठमोरी, कारण पाठमोरी आकृती सोपी. आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांनी हा साचा आम्हां सर्वांकडून पक्का करून घेतला होता. मला इंटरमिजिएटला 'ए' ग्रेड मिळाली. तालुक्यात दोघांनाच मिळाली होती. साच्याला मिळालेली ती ग्रेड मी माझी समजून कोल्हापूरला गेले.

कोल्हापूर हे चित्रकारांचे गाव आहे, हे तिथल्या माणसांना सांगावे लागत नाही. जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून शाहू महाराजांच्या पदरी चित्रकार झालेले आणि पुढे कोटितीर्थाच्या काठी एकट्याने राहिलेले आबालाल रहिमान, चित्रपटात गेलेले बाबूराव पेंटर, नट आणि निसर्गचित्रकार असे दुहेरी आयुष्य जगलेले चंद्रकांत मांडरे, ही नावे तिथे शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखी घेतली जातात. रंकाळ्यातल्या संध्यामठाचे जलरंगातले चित्र केले नाही असा विद्यार्थी तिथे सापडणे कठीण. मीही चार केली. चारही वाईट.

फाउंडेशनच्या वर्गातले पहिले दोन महिने मला अपमानकारक वाटले. मडके, त्याच्यामागे घडी पडलेले काळे कापड, खिडकीतून एका बाजूने येणारा उजेड, आणि समोर आठ आठ दिवस आम्ही. मडके मला शाळेपासून काढता येत होते. दोन बाजू सारख्या काढायच्या आणि छायेच्या बाजूला पेन्सिल घासायची, की झाले मडके! सरांनी माझे चित्र पाहिले, कागदाच्या समासात एक छोटीशी आकृती काढली आणि म्हणाले, "हे तुझ्या डोक्यातलं मडकं आहे. समोरचं डावीकडं बसकं आहे." ते कधीही विद्यार्थ्याच्या रेषेवर रेष ओढत नसत. सांगायचे ते समासात. ही त्यांची सभ्यता होती, हे मला फार उशिरा कळले. मी स्वतः विद्यार्थ्यांच्या निबंधांवर लाल शाईने वाक्येच्या वाक्ये बदलू लागले तेव्हा कुठे कळले.

त्या वर्षातले सर्वांत आनंदाचे तास अक्षरलेखनाचे होते. कटनिबने मोठा 'अ' काढायचा, मग 'क', मग 'ळ'. 'ळ'ची दोन पोटे समतोल ठेवताना मी एक अख्खा आठवडा घालवला. देवनागरीत अक्षर रेषेवर उभे राहत नाही, रेषेला लटकते. शिरोरेषा काढली की सगळा शब्द एका दोरीवर वाळत घातल्यासारखा दिसतो. मराठीशी माझी शरीराने झालेली ओळख ही, एम.ए.च्या व्याकरणाच्या पेपरच्या कितीतरी आधीची. पुढे संगणक आला, 'मंगल' नावाचा देवनागरी फाँट आला, आणि तो र. कृ. जोशी (1936–2008) यांनी घडवलेला आहे असे समजले तेव्हा मला कोण आनंद झाला! जोशी कवीही होते, सुलेखनकारही. म्हणजे या दोन खोल्यांमधले दार कुणासाठी तरी उघडे होते. माझ्यासाठी ते बंद झाले असेल, तर ते कुणी बंद केले, हा या लेखाचा विषय आहे.

आता स्केचिंग. दिवाळीनंतर सरांनी सांगितले की मार्चमधल्या सबमिशनला प्रत्येकाने पाचशे स्केचेस आणायची. बाहेर जाऊन काढलेली, समोर पाहून काढलेली, फोटोवरून नाही. पाचशे म्हणजे दिवसाला चार. हिशेबाने काहीच नाही. पण कार्ट्रिज पेपरचे भाव पाहता ते आमच्या घराला झेपणारे नव्हते. आबा साखर कारखान्यात टाइम ऑफिसला होते. तिथे दर महिन्याला पगार निघाल्यावर कच्ची हजेरीपत्रके रद्दीत जात. ते फुलस्केप कागद एका बाजूने छापील तक्त्यांनी आणि नावांनी भरलेले, दुसऱ्या बाजूने पाठकोरे. साहेबांना विचारून आबा ते माझ्यासाठी घेऊन येऊ लागले. मी शनिवारी घरी गेले की सुतळीने बांधलेला गठ्ठा तयार असे. "पाठकोरं हाय. चालंल न्हवं?" एवढेच ते म्हणत. मी "चालतंय की" म्हणे. (आमच्याकडच्या मुलींप्रमाणे मीही तेव्हा 'मी जातो, मी येतो' असेच बोलत असे. पुढे प्राध्यापकी करताना ते बोलणे गेले, त्याची चुटपुट अजून आहे.)

त्या कागदांवर मी गंगावेशीतला दूधकट्टा काढला. तिथे म्हशी रस्त्यावरच उभ्या करून गिऱ्हाईकासमोर धार काढून देतात. धार काढणारा माणूस गुडघ्यांत भांडे धरतो तेव्हा त्याचे सगळे अंग त्या भांड्याभोवती गोळा होते, हे मी तिथे शिकले. लक्ष्मीपुरीच्या बाजारात पोत्यांवर बसलेल्या बायका काढल्या, मध्यवर्ती बसस्थानकावर पथारी पसरून झोपलेली माणसे काढली. झोपलेली माणसे फार, कारण ती हलत नाहीत. सरांनी ते लगेच ओळखले. "उभी माणसं काढ," ते म्हणाले. "वजन कुठल्या पायावर आहे ते आधी बघ. साडी मागनं काढता येते." साहित्याच्या अध्यापनात मला आजवर जी काही सूचना उपयोगी पडली असेल ती ही. कवितेच्या ओळीतही वजन कुठल्या तरी एका शब्दावर असते आणि विद्यार्थी मात्र साडी काढत बसतात, म्हणजे अलंकार मोजत बसतात. असो.

फेब्रुवारीअखेर माझी स्केचेस मोजली. तीनशे बारा भरली. उरलेली एकशे अठ्ठ्याऐंशी तीन आठवड्यांत काढणे अशक्य नव्हते. पण तोवर मला त्या बाहेर बसण्याचा कंटाळा आला होता, आणि खरे सांगायचे तर भीतीही बसली होती. बाजारात मागे माणसे जमत, कोणीतरी "हे कोण ओ?" असे विचारी, आणि कागदावरचे माणूस समोरच्यासारखे दिसत नसे. साच्यातली पाठमोरी बाई मला डोळे मिटून काढता येत होती. समोरची बाई डोळे उघडे ठेवूनही जमत नव्हती. खोलीवर माझ्यासोबत वरच्या वर्गातली एक मुलगी राहत असे. तिच्या ट्रंकेत मागल्या वर्षीची स्केचेस होती, कार्ट्रिजवर आणि न्यूजप्रिंटवर केलेली, सफाईदार. ती म्हणाली, "घे की. सगळे देतात-घेतात. सर काय पाचशे कागद बघत बसणार हैत?" मी घेतली. कोपऱ्यांत सरांच्या पेन्सिलच्या बारीक खुणा होत्या, त्या रबराने पुसल्या.

सबमिशनच्या दिवशी आम्ही एकेक करून आत जात होतो. सरांनी माझा गठ्ठा घेतला, वरची दहाबारा स्केचेस पाहिली, एके ठिकाणी थांबले, हसले. तो दूधकट्टाच असावा. मग त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. सगळा गठ्ठा उलटा केला आणि कागदांच्या पाठी पाहू लागले. ज्या कागदाच्या पाठीवर हजेरीपत्रक होते तो डावीकडे, ज्याची पाठ कोरी होती तो उजवीकडे. सावकाश, पत्ते वाटावेत तसे. मी समोर उभी होते. दहा मिनिटे लागली असतील. डावीकडचा गठ्ठा मोजून ते म्हणाले, "तीनशे बारा." मग उजवीकडच्या गठ्ठ्यावर हात ठेवून म्हणाले, "ही चांगली आहेत. मागल्या वर्षी मीच तपासली आहेत." आवाजात राग नव्हता, आणि थट्टाही नव्हती. "एकशे अठ्ठ्याऐंशी राहिली. पुढच्या सोमवारपर्यंत आण. मग सही करतो."

बाहेर मुले उभी होती. त्यांना काही कळले नाही, सरांनी कुणाला सांगितलेही नाही. पण मला वाटले, सगळ्या कोल्हापूरला कळले आहे.

इथे थोडे बाजूला जाऊन नकलेविषयी बोलायला हवे, कारण कलाशिक्षणात नक्कल हा शब्द आपण वाङ्मयात वापरतो तितका वाईट नाही. मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टचे (स्थापना 1857) जॉन ग्रिफिथ्स 1872 पासून 1885 पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात होते आणि लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेत होते. पेस्तनजी बोमनजी हा त्यांतला एक विद्यार्थी, पुढे नामवंत चित्रकार झाला. अंधाऱ्या लेण्यात उभे राहून, भिंतीवरचा जीर्ण रंग डोळ्यांनी उकलत, हंगामामागून हंगाम केलेले ते काम म्हणजे एका परीने या देशातल्या कलाशिक्षणातली सर्वांत मोठी असाइनमेंटच म्हणायची. त्या प्रतिकृती लंडनला पाठवल्या गेल्या आणि 1885 मधल्या आगीत त्यांतल्या बऱ्याच जळाल्या. त्याआधी रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे खपून केलेल्या अजिंठ्याच्या प्रतिकृतीही 1866 मध्ये लंडनच्याच क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या होत्या. ग्रिफिथ्स यांचे दोन खंडांतले पुस्तक 1896–97 मध्ये निघाले. त्यावर नाव अर्थातच ग्रिफिथ्स यांचे. हा अन्याय आहेच, आणि कलेतिहासाच्या तासाला आम्हां विद्यार्थ्यांना तो फार झोंबे. पण आज मला त्यातली दुसरी बाजूही दिसते. प्रतिकृती जळाल्या, नाव दुसऱ्याचे लागले, तरी त्या मुलांच्या डोळ्यांत जे गेले ते कोणाला काढून घेता आले नाही. पुढे त्यांनी जे काही केले असेल त्यात ते उतरले असणार.

मी तर नक्कलही केली नव्हती. नक्कल करायला निदान बघावे लागते. मी फक्त कागद एका गठ्ठ्यातून दुसऱ्या गठ्ठ्यात ठेवले होते.

तो आठवडा मी कसा काढला ते फाईलमध्ये आहे. एकवीस स्केचेस. पाठीवर जानेवारी 1999 ची हजेरी. रेषा ताठ, घाईच्या. एकाही माणसाचे वजन कुठल्याच पायावर नाही. मी रंकाळ्यावर जाऊन बसत होते आणि कागदाकडे न पाहता आकडा पाहत होते. शनिवारी घरी गेले. जेवताना आबांनी सहज विचारले, "ह्येच्यात पुढं नोकरीचं कसं असतंय?" हा प्रश्न त्यांनी त्याआधी कधी विचारला नव्हता, त्यानंतरही कधी विचारला नाही. वडील माणसाने विचारावा असा तो साधा प्रश्न होता, त्याच्यात नकार कुठेच नव्हता. पण मी ते वाक्य घट्ट धरले. रात्री आईला म्हणाले, "आबांच्या मनात नाही." सोमवारी सरांकडे गेले नाही. एप्रिलमध्ये खोली सोडली, परीक्षेला बसले नाही. जूनमध्ये बी.ए.ला नाव घातले, मराठी घेतले, आणि पहिल्या वर्षी महाविद्यालयात पहिली आले.

आज मागे वळून पाहताना मला असे वाटत नाही की एक मोठी चित्रकर्ती महाराष्ट्राने गमावली. तशी समजूत करून घेणे सुखाचे आहे, पण फाईल समोर असताना ते शक्य नाही. मी मध्यम प्रतीची विद्यार्थिनी होते, आणि त्या तीनशे बारांमधली शेवटची साठसत्तर पाहिली तर हळूहळू सुधारत होते. एवढेच. सोडून जाण्याचे कारण पैसा नव्हते, आबा नव्हते, प्रतिभेचा अभावही नव्हता. 'ए' ग्रेड मिळवणाऱ्या मुलीला कोणीतरी शांतपणे 'तीनशे बारा' म्हणाले होते, आणि तिला पुन्हा त्या टेबलासमोर उभे राहायचे नव्हते. सरांनी रागावून फाईल भिरकावली असती तर मी कदाचित टिकले असते. राग आला की भांडता तरी येते.

प्रभाकर बरवे यांचे 'कोरा कॅनव्हास' (1990) मी एम.ए.ला असताना वाचले. अभ्यासक्रमात ते नव्हते, ग्रंथालयात चुकून हाताला लागले. बरवे (1936–1995) जे.जे.त शिकले, अनेक वर्षे विणकर सेवा केंद्रात नोकरी केली आणि चित्रे करत राहिले. स्वतःच्या चित्रप्रक्रियेविषयी इतक्या निवांतपणे आणि इतक्या काटेकोर मराठीत लिहिणारा चित्रकार दुसरा मला माहीत नाही. मराठीच्या विद्यार्थ्यांनी गद्यासाठी म्हणून ते पुस्तक वाचावे असे मी दरवर्षी सांगते. पण तेव्हा ते वाचताना माझी फार चिडचिड झाली होती. साध्या वस्तूकडे हा माणूस इतका वेळ पाहू शकतो, आणि मी मडक्याला आठ दिवस देताना कुरकुरत होते! पुस्तक मी अर्धे वाचून परत केले. पुरे केले ते नोकरी लागल्यानंतर.

ही सगळी कथा मी कदाचित अशीच पोटात ठेवली असती. पण यंदा प्रकल्पांच्या तोंडी परीक्षेला एक प्रसंग घडला. नव्या शैक्षणिक धोरणानंतर आमच्याकडेही प्रकल्पांना स्वतंत्र श्रेयांक आले आहेत. विद्यार्थ्यांनी गावात जावे, माणसांशी बोलावे, काही गोळा करावे, अशी मूळ कल्पना चांगली आहे. प्रत्यक्षात जे येते ते आपण सगळेच जाणतो. एका विद्यार्थिनीने 'माझ्या गावातील जात्यावरच्या ओव्या' हा विषय घेतला होता. स्पायरल बाइंडिंग, रंगीत मुखपृष्ठ, साठ ओव्या, प्रत्येकीखाली अर्थ. वाचताना पंधराएक ओव्यांपाशी मी थबकले. त्यांतले शब्द आमच्या भागातले नव्हते, ती मावळी बोली होती. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी सुरू केलेल्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या आहेत आणि त्या आता सर्वांना वाचायला खुल्या आहेत. तिथून त्या उचललेल्या असणार हे उघड होते. पण आणखी तीसेक ओव्या अशा होत्या की त्या कोणत्याही संग्रहात सापडेनात. यमक बिनचूक, अक्षरे मोजून मापून, आणि आशय गुळगुळीत. जाते होते, माहेर होते, चंद्रही होता. पण एकाही ओवीत कोणाचे नाव नव्हते, कोणते गाव नव्हते, भावाने आणलेल्या लुगड्याचा रंग नव्हता. दळणारी बाई अशी बेनामी गात नाही. ती आपल्या बाळाचे नाव घेते, वेशीवरच्या देवाचे घेते, जाऊबाईला टोमणा मारते. या ओव्या संगणकातल्या कृत्रिम बुद्धिमत्तेने पाडल्या होत्या.

मी काय केले ते सांगायला मला संकोच वाटतो, कारण ते मी ठरवून केले नाही. बाइंडिंगची तार उलगडली आणि पाने वेगळी करू लागले. डावीकडे, उजवीकडे. ती समोर उभी होती, एकोणीस वर्षांची. डावीकडे अकरा ओव्या राहिल्या. त्यांतल्या एका ओवीत तिच्या आजीच्या भावाचे नाव होते, आणि दुसरीत एक शब्द होता जो मी माझ्या आईखेरीज कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही. "अकरा," मी म्हणाले. आणि माझाच आवाज ऐकून घाबरले.

मग सरांनी जे केले नव्हते ते मी केले. तिला खुर्चीवर बसवले आणि त्या अकरा ओव्यांविषयी विचारत राहिले. आजी कुठे बसून सांगायची, गाऊन दाखवली की नुसती सांगितली, मधेच विसरली की काय करायची. ती आधी रडली, मग बोलू लागली. आजीला दम लागतो, एका बैठकीत दोनच ओव्या होतात, मोबाईल पुढे धरला की ती लाजते आणि पदर तोंडावर घेते. यातले एक अक्षर प्रकल्पात नव्हते. मी तिला म्हणाले, "हे लिही. साठ नकोत मला." गुण भरण्याची मुदत चार दिवसांवर होती. ती तिसऱ्या दिवशी आली ती आठ हस्तलिखित पाने आणि आणखी चार ओव्या घेऊन. नियमाप्रमाणे प्रकल्पाची पृष्ठसंख्या तीस हवी. मी गुण दिले. ते द्यायला हवे होते की नको यावर आमच्या विभागात दोन मते आहेत, आणि दुसऱ्या मतात तथ्य आहे हे मला मान्य आहे. ज्यांनी खरोखर तीस पाने लिहिली त्यांना मी काय सांगणार?

सरांना मी अन्यायी ठरवत नाही. सबमिशनला साठ मुले होती आणि प्रत्येकी पाचशे कागद. त्यांनी दहा मिनिटे माझ्या कागदांच्या पाठी वाचल्या, एवढा वेळ आज मी एका प्रकल्पाला देत नाही. शिवाय पाचशेचा आकडाही मला चुकीचा वाटत नाही. हात वळायला संख्या लागतेच. शेवटच्या साठसत्तरांत जी सुधारणा दिसते ती पहिल्या अडीचशेंमुळे आहे. फक्त त्यांनी 'तीनशे बारा' म्हटल्यावर दूधकट्ट्याचे ते स्केच पुन्हा वर काढून ठेवले असते तर, असे कधी कधी वाटते. ते पाहून ते हसले होते ना!

मेअखेरीस मी गावी गेले. पडवीत बसून फाईल उघडली. कागद पिवळे पडले आहेत, कडा झिजल्या आहेत. चित्रे पाहायला सुरुवात केली आणि थोड्याच वेळात माझ्या लक्षात आले की मी पाठीच वाचते आहे. हजेरीपत्रकावर कामगारांची नावे, बॉयलर, काटा, यार्ड असे विभाग, आणि पुढे तारखांचे चौकोन. 'ह', 'ह', 'गै', 'ह'. आबांचे अक्षर सुरेख होते. गोल, एकसारखे, शिरोरेषा पट्टीने मारावी तशी. अक्षरलेखनाच्या तासाला सर माझा 'ळ' पाहून म्हणाले होते, "हा कुठं शिकलीस?" मला उत्तर सुचले नव्हते.

आई शेजारी तांदूळ निवडत होती. मी तिला सगळे सांगितले. स्केचेस कुणाची होती, सर काय म्हणाले, आणि आबांच्या मनात नाही असे मी का म्हणाले. बोलायला जितका वेळ लागेल असे वाटले होते तितका लागला नाही. आईने सूप खाली ठेवले. ती म्हणाली, "त्यास्नी वाटायचं, कागद पुरंनात म्हणून तू सोडलीस."

मी काहीच बोलले नाही. ती उठून आत गेली आणि आबांच्या लोखंडी पेटीतून सुतळीने बांधलेला एक गठ्ठा घेऊन आली. "तू गेल्यावर बी आणायचे. म्हनायचे, लागलं तर मागंल."

गठ्ठा मी बरोबर आणला आहे. महाविद्यालयातल्या माझ्या कपाटात, प्रकल्पांच्या शेजारी तो आहे. सुतळी अजून सोडलेली नाही. सर्वांत वरचा कागद फेब्रुवारी 2001 चा आहे, रात्रपाळीचा.